ख्रिस्ती पालकांचे प्रश्न : घरची प्रार्थना, शाळेतला प्रसाद आणि दहाची नोट

प्रश्न : आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाल्यावर कौटुंबिक प्रार्थना होते. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी अकराची. मुलगा पेंगतो, मुलगी घड्याळाकडे बघत बसते. मुलांचे पप्पा अख्खा अध्याय वाचतात आणि प्रार्थनाही लांबते. काय बदलावं? (एक आई, श्रीरामपूर)

उत्तर : आधी वेळ बदला. पोट भरलं की पाच वर्षांचं मूल पेंगणारच, त्यात त्याचा दोष नाही. ताटं वाढण्यापूर्वी बसा आणि सगळं मिळून दहा-बारा मिनिटांत आटपा.

सुरुवात गाण्यानं. ज्यात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं असं गाणं निवडा, म्हणजे वाचता न येणारं मूलही दुसऱ्या खेपेला सूर लावतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं त्यासाठी फार सोयीची. टाळ धाकट्याच्या हातात द्या. ताल चुकेल, चुकू द्या.

वाचनासाठी बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घ्या. अध्याय १६च आहेत आणि घटना भराभर घडतात. रोज एक प्रसंग, साधारण आठ ते बारा वचनं. आठवड्यातले सहा दिवस वाचलं तर सुमारे तीन महिन्यांत पुस्तक पूर्ण होतं. मात्र वचनं मोजून प्रसंग मधेच तोडू नका. याईराच्या मुलीच्या गोष्टीत (अध्याय ५, वचनं २१-४३) मध्येच रक्तस्रावानं पीडलेली स्त्री येते. तिथं थांबलात तर दुसऱ्या दिवशी याईर कोण हेच मुलं विसरलेली असतात. त्या दिवशी गाणं गाळा आणि तेवीसच्या तेवीस वचनं वाचा. उलट योहानाच्या शिरच्छेदाचा भाग (६:१४-२९) धाकटा झोपल्यावर मुलीसोबत वाचलेला बरा.

वाचायचं काम मुलीकडे द्या. इंग्रजी माध्यमात असेल तर जोडाक्षरांशी अडखळेल आणि भाऊ हसेल. म्हणून तो उतारा तिला दुपारीच दाखवून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. सरावाला बायबलमधलं स्तोत्र ११७ उत्तम, दोनच वचनांचं आहे.

वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न मात्र नको. त्याला ‘चांगलं वागायचं’ हे ठरलेलं उत्तर येतं आणि विषय संपतो. वादळाच्या प्रसंगी विचारा : येशू तेव्हा नावेत कुठे होता? (मागच्या बाजूला, उशी घेऊन झोपलेला, ४:३८.) तू नावेत असतास तर त्याला उठवलं असतंस का? यावर पाच वर्षांचा मुलगाही भांडायला तयार होतो.

प्रार्थना प्रत्येकी एका वाक्याची, सुरुवात धाकट्यापासून आणि शेवट पप्पांचा. एक आभार, एक दुसऱ्या कुणासाठी मागणं, एक स्वतःची काळजी, यातलं जे सुचेल ते. आणि एक सवय निश्चयानं मोडा : ‘प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, हिचा मोबाइल सुटू दे.’ डोळे मिटलेल्या मुलीला हे बोलणं प्रभूशी नाही, आपल्याशी चाललंय हे नेमकं कळतं. मोबाइलबद्दल जे सांगायचं ते आमेननंतर, तिच्याकडे बघून सांगा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. तसं केलं की प्रार्थना शिक्षा वाटू लागते.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शाळेत गणपती बसतो, आरती होते, प्रसाद वाटतात. मंडळीतले (आमच्या चर्चमधले) काही जण म्हणतात, हातही लावू नको. पत्नी म्हणते, घेतला तर काय बिघडलं? (एक वडील, जालना)

उत्तर : आरती आणि प्रसाद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरतीचं आधी बघू. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पण कलमाचा आकडा घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरायची गरज बहुधा पडत नाही. उत्सवाच्या आठ-दहा दिवस आधी भेटा आणि अर्ध्या पानाचं पत्र द्या : तो शांत उभा राहील, आरती म्हणणार नाही, ओवाळणार नाही; रांगा लावायला, पाणी वाटायला मदत करील. बायबलमधल्या दानिएलनं राजाच्या अन्नाबद्दल अधिकाऱ्याशी वाद घातला नव्हता, दहा दिवस आम्हांला पारखून बघा, अशी विनंती केली होती (दानि. १:१२). बाईंशी बोलणं तुमचं काम आहे. नऊ वर्षांच्या पोरावर ते टाकू नका.

मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ, अध्याय ८ आणि १०) बराच तपशिलात बोलतो. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी, विवेकभावासाठी खाऊ नका. शाळेतला मोदक सांगूनच दिलेला असतो, त्यामुळे न घेणं बरं असं आमचं मत. तुम्ही दोघांनी मात्र आधी एकमत करा. आईचं एक, बापाचं दुसरं असलं की मुलगा खोटं बोलायला शिकतो. त्याला एकच वाक्य द्या : ‘थँक्यू बाई, मी घेत नाही.’ हात जोडून, हसून. घरी दोन-तीनदा म्हणवून घ्या.

बिघडतं ते बहुधा पुढे. घेतलेला प्रसाद कचरापेटीत टाकणं, किंवा ‘तुमचा देव खोटा’ असं मित्राला ऐकवणं. हे घडलं तर मित्राच्या घरी जाऊन माफी मागायला लावा, आणि सोबत तुम्ही जा. चुकून खाल्ला तर आकांत नको. तोंडात जातं ते माणसाला विटाळवत नाही, हे येशूचेच शब्द आहेत (मत्तय १५:११). शेजारच्या दिवाळीच्या चकल्या-चिवड्याला हा नियम लावू नका. तो पाहुणचार आहे. नाताळात आपलं ताट त्यांच्याकडे जातंच.

प्रश्न : पंधरा वर्षांचा मुलगा उपासनेला यायचं नाही म्हणतो. रविवारी सकाळी क्लासची टेस्टही असते. (एक आई, पुणे)

उत्तर : टेस्ट हे कारण आहे की निमित्त, ते आधी तपासा. शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा रविवारीच येते, ती वर्षातून एकदा; जाऊ द्या. दर रविवारचा क्लास मात्र जूनमध्ये, फी भरण्यापूर्वी बॅच बदलून घ्यायचा असतो. जानेवारीत कुणी ऐकत नाही.

निमित्त असेल तर खोदून विचारा. कंटाळा, कुणी मारलेला टोमणा, की खरी शंका? कंटाळ्यावर काम हा उपाय : साउंड, तबला, पडद्यावर गाण्याचे शब्द दाखवणं. शंका असेल तर ती वहीत लिहू द्या आणि पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) त्याची एकट्याची भेट ठरवा, तुम्ही बाहेर बसा. घराचा नियम म्हणून सोबत यायला सांगा. पण गायची, प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घ्यायची सक्ती नको. मित्रांनी अर्ज भरलाय म्हणून दृढीकरणाला (स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीला) तर मुळीच बसवू नका. वर्ष-दोन वर्षं थांबल्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : नातवाला दानाची सवय कशी लावू? (एक आजी, मिरज)

उत्तर : चर्चच्या दारात त्याच्या हातात दहाची नोट कोंबणं बंद करा. ते दान तुमचं. तो फक्त पोस्टमन. आठवड्याला पन्नास रुपये देत असाल तर चार दहाची आणि दोन पाचची नाणी द्या, म्हणजे दशांश वेगळा काढता येतो. शनिवारी पैसे मिळाले की खर्चाआधी पाच रुपये त्यानंच पाकिटात घालायचे. मिझोराममधल्या मंडळ्यांत बायका प्रत्येक स्वयंपाकाआधी दानासाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तिथंही काढणं आधी, शिजवणं नंतर. पैसे कुठं जातात तेही त्याला दाखवा, मंडळीचा हिशेब वाचला जातो त्या दिवशी शेजारी बसवा. आणि त्यानं पाकिटातले पाच रुपये वेफर्सवर उडवले, तर त्या रविवारी दानाची थैली त्याला रिकाम्या हातानं पुढे देऊ द्या. आजी, पर्स उघडू नका.