टेनर ट्रॉम्बोनला बास ट्रॉम्बोनचा माउथपीस लावला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेनर ट्रॉम्बोन साधा, बिनट्रिगरचा (म्हणजे अंगठ्याने जादा नळी जोडणारा व्हॉल्व्ह नसलेला), १२.७ मिमी बोअरचा (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). सोबत आलेला माउथपीस १२सी. खर्जातले सूर पातळ येतात, म्हणून बास ट्रॉम्बोनचा बाख १½जी लावायचा विचार आहे. सूर भरदार होतील का, आणि वाद्याला काही इजा होईल का?

पहिली गोष्ट म्हणजे तो बहुधा बसणारच नाही. लहान शँकचा (शँक म्हणजे माउथपीसची वाद्यात शिरणारी दांडी) करून बसवलात, तरी खर्जात जे मिळेल त्यापेक्षा वरच्या सुरांत जास्त गमवाल.

ट्रॉम्बोनच्या माउथपीसला मुख्यतः दोन मापांच्या शँक असतात, लहान आणि मोठी. १२.७, १२.९ किंवा १३.३ मिमी बोअरचे टेनर सहसा लहान शँक घेतात. १३.९ मिमी बोअरचा मोठा टेनर आणि १४.३ मिमीचा बास, दोघेही मोठी शँक घेतात. म्हणून बाख ४२ सारख्या टेनरवर बासचा माउथपीस सरळ बसतो, आणि यामाहा ३५४ वर बसत नाही. ट्रिगर आहे म्हणजे शँक मोठीच असेल, असं मात्र धरून चालू नका. बाख ३६बी ला ट्रिगर आहे, पण बोअर १३.३ मिमी आणि शँक लहानच. जुन्या कॉन ८८एच ची तर तिसरीच तऱ्हा: त्याच्या लीडपाइपला, म्हणजे माउथपीस ज्या नळीत बसतो तिला, रेमिंग्टन नावाचा वेगळाच उतार आहे, त्यामुळे नेहमीची मोठी शँक त्यात जाते, पण नीट जुळत नाही.

तपासणं सोपं आहे. माउथपीस रिसीव्हरमध्ये, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी असलेल्या खोबणीत, अलगद सरकवा. साधारण २५ मिमी आत जाऊन थांबला आणि कपाजवळ धरून हलवल्यावर डुगडुगला नाही, तर जुळलं. मोठी शँक लहान रिसीव्हरमध्ये जेमतेम टोक घालून अडते. तिथे तळहाताने ठोकायचं नाही: रिसीव्हर फाकतो, लीडपाइपचं तोंड बिघडतं आणि मग तुमचा मूळ माउथपीसही सैल बसतो. इजा होते ती अशी. नुसतं वाजवल्याने वाद्याला काही होत नाही. चुकून रुतलाच, तर पक्कड लावू नका, पिळूही नका. त्यासाठी माउथपीस पुलर नावाचं हत्यार असतं, दुरुस्तीवाल्याकडे ते मिळतं. उलट लहान शँक मोठ्या रिसीव्हरमध्ये घालायची असेल, तर बारीक नळीसारखे अडॅप्टर मिळतात. मोठी शँक लेथवर घासून लहान करता येते खरी, पण टोकाशी पत्रा पातळ उरतो आणि आतलं भोक मोठंच राहतं. त्या खटाटोपाला मी तरी हो म्हणणार नाही.

आता मापं. बाखच्या यादीत आकडा लहान तितका कप रुंद. १२सी चा कप २४.५ मिमी, ६½एएल २५.४, ५जी २५.५, ४जी २६, १½जी २७ आणि १जी २८. शिल्के आणि यामाहाचं उलट आहे, तिथे आकडा वाढला की कपही वाढतो. यामाहा ४८ हा ६½एएल च्या जवळचा, ५१ हा ५जी च्या जवळचा. १२सी वरून १½जी म्हणजे फक्त अडीच मिलिमीटर, असं वाटेल. पण ओठांचा जेवढा भाग रिमच्या (ओठांना टेकणाऱ्या कडेच्या) आत थरथरतो, त्याचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. त्याला तोलायला ओठांच्या कोपऱ्यांजवळचे स्नायू तयार झालेले नसतात. (कंपन्या कपाचा व्यास वेगवेगळ्या खोलीवर मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांत दशांशावरून वाद घालण्यात अर्थ नाही.)

खरी गोम मात्र रुंदीत नाही, कपाच्या खोलीत आणि भोकात आहे. माउथपीस वाद्याच्या नळीला जणू काही सेंटिमीटर लांबी जोडतो. ही भर सगळ्या सुरांना सारखी नसते. सूर जितका वरचा, तितकी ती जास्त. कप जितका मोठा, तितकी ती आणखी वाढते. रिकाम्या माउथपीसच्या रिमवर तळहात मारून पाहा: ‘टप्’ असा एक सूर ऐकू येतो, आणि बासच्या माउथपीसचा तो सूर टेनरच्यापेक्षा खाली असतो. फरक तिथेच कळतो. वाजवताना तो असा जाणवतो की खालचा बी फ्लॅट ट्यूनरवर जुळलेला असतो, त्यावरचा एफ ठीक असतो, मधला बी फ्लॅट किंचित उतरतो, आणि त्याच्याही वरच्या सप्तकातला बी फ्लॅट चांगलाच उतरतो. सप्तकं आखडतात. मधल्या बी फ्लॅटच्या वरचा डी हा पाचवा हार्मोनिक, म्हणजे स्लाइड न हलवता नुसत्या ओठांनी मिळणाऱ्या सुरांतला पाचवा. तो मुळातच १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. त्यात ही भर पडली, की पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे स्लाइड पूर्ण आत असताना, तो वाचवायला जागाच उरत नाही. स्लाइड बाहेर नेता येते, पहिल्या पोझिशनच्या आत कुठे नेणार?

यावर करण्यासारखं थोडंफार आहे. या वाद्यावर स्लाइड ८ मिमी हलवली की सूर साधारण १० सेंट सरकतो. म्हणून ट्यूनिंग स्लाइड सुमारे एक सेंटिमीटर आत ढकलायची, आणि हातातली पहिली पोझिशन बंपरपासून (स्लाइड आत जाऊन जिथे टेकते तिथपासून) सेंटिमीटरभर बाहेर धरायची. मग वरचे उतरलेले सूर हात आत घेऊन चढवता येतात. बाकीच्या पोझिशन मात्र नव्याने बसवाव्या लागतात, आणि सातवी जरा आणखी लांब जाते. आखूड हाताच्या माणसाला ते जड पडतं.

सुराचा पोतही बदलतो. १½जी चं भोक साधारण ७ मिमीचं, कागदावर ते फार मोठं वाटत नाही. पण मोठा कप आणि मोकळं भोक मिळून ओठांना वाद्याकडून मिळणारा आधार कमी होतो. सूर जागेवर ‘बसत’ नाही, घसरतो. जिभेने केलेली सुरुवात बोथट ऐकू येते. हळू वाजवताना आवाज गोल वाटतो, जोरात वाजवलं की लगेच फाटतो किंवा नुसताच बसका होतो. दमसासही कमी पडतो, कारण त्याच सुराला हवा जास्त लागते.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे. बिनट्रिगरच्या टेनरवर सर्वांत खालचा सलग सूर म्हणजे बास क्लेफखालच्या पहिल्या जादा रेघेवरचा ई, सातव्या पोझिशनमधला. त्याखाली ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी आणि बी हे पाच सूर वाद्यात नाहीतच; मग एकदम पेडल बी फ्लॅट, म्हणजे नळीचा मूळ, पहिला हार्मोनिक, येतो. हे पाच सूर कुठलाही माउथपीस देणार नाही. एफ ट्रिगर त्यांतले चार देतो, बी तेव्हाही राहतो. बास ट्रॉम्बोनला दुसरा व्हॉल्व्ह असतो तो मुख्यतः यासाठीच.

जे सूर वाद्यात आहेत ते पातळ येत असतील, तर बहुतेक वेळा ओठ आवळलेले आणि जबडा बंद असतो. मधल्या एफवरून बी फ्लॅटवर न तोडता उतरा, जबडा जरा खाली आणि पुढे सोडा, ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल. फुंक जोरात नको, रुंद आणि सावकाश हवी. मग तीच उडी दुसऱ्या पोझिशनपासून सातव्यापर्यंत. रोज दहा मिनिटं. खालच्या सुरांना जास्त जोर लावायचा नसतो, हे कळलं की निम्मं काम होतं.

आणि १२सी हा खरोखरच लहान, उथळ माउथपीस आहे. तो बदलावासा वाटणं चूक नाही. लहान शँकचा ६½एएल घ्या. २५.४ मिमीचा कप, खोली पुरेशी, आणि तुमच्या बोअरला सूर जुळलेले राहतात. खर्जात फरक लगेच ऐकू येईल आणि वरचा भाग पहिल्या आठवड्यात परत येईल.

बासचा माउथपीस टेनरवर शोभतो तो एका ठिकाणी: १३.९ मिमी बोअरचा, ट्रिगर असलेला टेनर, आणि हाताशी बास ट्रॉम्बोन नसताना तिसऱ्या ट्रॉम्बोनचा भाग वाजवायचा आहे. तो भाग क्वचितच वर जातो, त्यामुळे तोटा कानाला कळत नाही. तिथेही १जी नको, १½जी पुरे.

दोन्ही वाद्यं वाजवणाऱ्यांना ओठांवर एकच रिम हवी असते, हे समजण्यासारखं आहे. त्यांनी रिम आणि कप वेगळे काढता येणारा, स्क्रूचा माउथपीस घ्यावा: रिम २७ मिमीच्या आसपासची, पण टेनरवर टेनरच्या खोलीचा कप आणि टेनरचीच शँक. रुंदी ओठांना कळते, खोली सुराला. या दोन गोष्टी वेगळ्या खरेदी करता येतात हे पुष्कळांना माहीतच नसतं.

तरीही एखादा उसना मिळाला आणि बसत असेल, तर असं तपासा. आधी स्वतःच्या माउथपीसवर नीट गरम व्हा. स्लाइड पूर्ण आत ठेवून दोन बी फ्लॅट, मधला एफ, डी, वरचा एफ आणि वरचा बी फ्लॅट लांब धरा, ट्यूनरवरचे सेंट कागदावर लिहा. पडद्याकडे बघून सूर सुधारू नका, नाहीतर आकडे खोटे निघतील. मग माउथपीस बदला, खालचा बी फ्लॅट ट्यूनिंग स्लाइडने जुळवा आणि तेच पुन्हा. वरच्या बी फ्लॅटला १५ सेंटपेक्षा जास्त फरक पडला, तर जोडी जुळत नाही. आवाज तीन-चार मीटरवरून रेकॉर्ड करा, कारण रिमच्या मागून स्वतःला ऐकू येणारा भरदारपणा समोर पोहोचतोच असं नाही. आणि पहिल्या दहा मिनिटांवर निकाल देऊ नका. मोठ्या रिमवर खर्ज सुरुवातीला मजेत येतो. चाळीस मिनिटं वाजवल्यावर वरचा एफ न दाबता येतो का, ते पाहा.