शिवणातल्या शंका : चिमुकल्यांचा मध्ययुगीन झगा

प्रश्न : चार वर्षांच्या मुलासाठी चौदाव्या शतकातल्या युरोपीय धाटणीचा झगा शिवला. माप सैल घेतलं, तरी हात वर केला की झगा वर चढतो आणि काखेत उसवतो. असं का?

उत्तर : सैलपणा चुकीच्या जागी गेलाय. हात वर जातो तेव्हा कुशीपासून बाहीपर्यंतची लांबी वाढते. सरळ बाही झग्याच्या सरळ अंगाला काटकोनात जोडलेली असेल तर ती लांबी यायची कुठून? मग सगळं कापड ओढलं जातं आणि ताण काखेतल्या टाक्यांवर येतो. अंग आणखी रुंद केलंत तर बाहीची शिवण दंडावर उतरते, त्रास वाढतोच. काखेत चौकोनी तुकडा घाला.

छाती 56 सेंमी असेल तर पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी 38 सेंमी रुंद बेता. त्यात 14 सेंमी सैलपणा आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) आली. काखेचा तुकडा मायेसकट 11 सेंमीचा. बाही सपाट असतानाच तुकड्याची एक बाजू तिच्या कडेला वरच्या टोकाशी शिवा. मग बाही आणि तुकडा मिळून अंगाला जोडा. कुशीच्या कळ्या (घेर वाढवणारे त्रिकोणी तुकडे) लावून घ्या आणि शेवटी मनगटापासून खालपर्यंत शिवण मारा. कोपऱ्यावर टीप कापडाच्या कडेच्या दीड सेंमी अलीकडेच, म्हणजे माया सोडून, थांबली पाहिजे. दोन टाके जरी पुढे गेले, तरी तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही.

प्रश्न : गळा डोक्यातून जात नाही, मोठा केला तर खांद्यावरून घसरतो. नाडी ओवू का?

उत्तर : नाडी नको. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी असू नये, असं युरोपचं ईएन 14682 हे मानकच सांगतं. ती कुठेही अडकून गळा आवळू शकते. गळा 14 सेंमी रुंद, पुढे 4 आणि मागे दीड सेंमी खोल ठेवा. त्याचा घेर साधारण 32 भरतो. पुढे 11 सेंमीची चीर दिली की 22 वाढून 54 होतात, म्हणजे 51 सेंमीचं डोकं आरामात जातं. गळपट्टी (गळ्याच्या कडेला आतून लागणारी पट्टी) शिवून झाल्यावरच गळ्याच्या आतलं कापड कापा. वर कापडाचंच गुंडाळून केलेलं बटण लावा. त्या काळी ते होतंच. फक्त पक्कं शिवा, तोंडात जाईल.

प्रश्न : कळ्यांपाशी घेर लोंबतो.

उत्तर : कळीची तिरपी कड ताणली जाते. टोकापासून खाली शिवत या, तिरपी कड मशीनच्या दातांकडे ठेवा. वाढावा खाली निघतो, तिथे कापता येतो. झगा एक दिवस टांगून ठेवा, मग घेर समान करून दुमडा.

प्रश्न : वाढत्या अंगासाठी टक (नंतर उसवता येतील अशा आडव्या शिवलेल्या घड्या) घालून ठेवावेत का?

उत्तर : कळीदार घेरात टक नीट बसत नाहीत, कारण खालची रेघ वरच्यापेक्षा लांब असते. पुढच्या वर्षी खाली पट्टी जोडा. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस इथे 1921 साली उत्खननात मिळालेले झगेही असेच तुकडे आणि कळ्या जोडून केलेले आहेत. कापड मात्र आधी धुऊन घ्या. दीड मीटर लिनन, 150 सेंमी पन्ह्याचं, या मापाला पुरतं.