जुना लॅपटॉप, हलकी प्रणाली आणि खेळ

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालचा लॅपटॉप आहे. त्यात चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० ला मिळणारा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्याने विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीची हलकी आवृत्ती घालावी असे वाटते. त्यामुळे खेळ वेगाने चालतील का?

उत्तर : हलक्या प्रणालीमुळे रॅम मोकळी होते, ग्राफिक्सची ताकद वाढत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू यांसारखी हलकी लिनक्स घातल्यास प्रणाली स्वतःसाठी कमी जागा घेते आणि खेळ चालू असताना हार्ड डिस्कची जी अखंड घरघर ऐकू येते ती कमी होते. पण ज्या दृश्यात चित्र मुळातच अडखळत होते, तिथे ते पुढेही अडखळेल.

तुमच्या लॅपटॉपची खरी अडचण ‘व्हल्कन’ ही आहे, म्हणजे खेळाने ग्राफिक्सला सूचना देण्याची एक पद्धत. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवण्यासाठी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपमध्ये २०१८ पासून ‘प्रोटॉन’ नावाची सोय आहे आणि ती डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीतल्या सूचनांचे बहुतांशी व्हल्कनमध्ये रूपांतर करते. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सवर व्हल्कनचा आधार अपुरा आहे. टर्मिनलमध्ये ‘व्हल्कनइन्फो’ ही आज्ञा दिलीत तर तशी सूचनाच समोर येते. अशा वेळी त्या खेळापुरते प्रोटॉनला ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर चालणारे ‘वाइनडीथ्रीडी’ हे रूपांतरक वापरायला सांगता येते. वेग थोडा घटतो, परंतु डायरेक्टएक्स ९ च्या काळातले पुष्कळ खेळ त्यावर चालतात. हाफ-लाइफ २ सारख्या ज्या खेळांची लिनक्स आवृत्तीच उपलब्ध आहे, त्यांना तर या खटाटोपाची गरजच नाही. सुपरटक्सकार्ट, वेसनॉथ आणि ओपनटीटीडी हे मोफत खेळही आहेतच. यांतला शेवटचा तर तुमच्या यंत्राला जाणवणारसुद्धा नाही.

खर्च करायचाच असेल तर रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी घ्या, मात्र दुसरा स्लॉट आहे ना आणि पट्टी डीडीआर३एल प्रकारची आहे ना, हे आधी तपासा. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरत असल्याने दोन पट्ट्या मिळून वाढणारा वेग थेट खेळात दिसतो, आणि म्हणूनच ८ जीबीच्या एकाच पट्टीपेक्षा ही जोडी मला पसंत आहे. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी ही वेगवान डिस्क घातल्यास खेळ लवकर उघडेल, फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) मात्र वाढणार नाही. पंख्यातली धूळ काढण्याचे काम बहुतेक जण विसरतात. तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो.

व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन खेळ खेळत असाल, तर त्यातली फसवणूकविरोधी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या. हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून वाय-फाय, आवाज आणि गेमपॅड तपासा. खेळाचा वेग मात्र तिथे जोखू नका, कारण पेनड्राइव्हवरून सारेच संथ वाटते.