तरुणांमध्ये वाकडे दात किती जणांचे असतात, आणि तारा खरंच किती जणांना लागतात?

तुमचं वय २२, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, वरचा एक सुळा थोडा बाहेर आलाय. असं किती जणांचं असतं आणि आता तारा लावायलाच हव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी दंतवैद्य आहे, रोज हेच काम करते.

असे दात असणारेच जास्त. अगदी ओळीत दात असणारे कमी. अमेरिकेत १९८८ ते १९९४ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत खालचे पुढचे दात नीट ओळीत असलेले प्रौढ साधारण ३५ टक्केच निघाले. दिसण्यावर किंवा चावण्यावर परिणाम होईल इतके वेडेवाकडे दात मात्र १५ टक्क्यांच्या आसपास लोकांचे होते. भारतातल्या पाहण्यांचे आकडे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, कारण कोणी बारीकशी फटही मोजतो, तर कोणी फक्त उपचार लागणारेच मोजतो. म्हणून बातमीत टक्केवारी वाचलीत, तर मोजलं काय ते आधी बघा.

दात वाकडे असणं वेगळं आणि उपचाराची गरज असणं वेगळं. गरज ठरवायला आम्ही आयओटीएन नावाचा निर्देशांक वापरतो. तो १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रूक आणि शॉ यांनी मांडला. त्यात पाच श्रेणी आहेत: पहिल्या दोनमध्ये उपचाराची गरज नसते किंवा अगदी किरकोळ असते, तिसरी सीमेवरची, चौथी-पाचवी म्हणजे नक्की गरज. एखादा दात ओळीतून २ ते ४ मिलिमीटर सरकला असेल तर तिसरी, ४ च्या वर गेला तर चौथी. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी, ९ च्या वर पाचवी. सुळा हाडात अडकून बाहेरच आला नसेल, तर बाकीचे दात कितीही सुंदर असोत, पाचवी. मला ही पद्धत आवडते, कारण त्यात सगळ्या दोषांची बेरीज होत नाही, सर्वांत गंभीर दोष काय तेवढंच बघितलं जातं. सेल्फीत खटकणारा दात बऱ्याचदा दुसऱ्या श्रेणीतला निघतो, आणि खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील तर ते फोटोत दिसतही नाही.

वयाची काळजी करू नका. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर दात कुठल्याही वयात सरकतात. फरक इतकाच, की विशीत जबड्याची वाढ संपलेली असते. लहान वयात वाढीचा फायदा घेऊन जबडा थोडा वळवता येतो, तुमच्या वयात जबड्यातच मोठा दोष असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. नुसत्या दाटीला, म्हणजे जागा कमी पडून दात एकमेकांवर चढण्याला, शस्त्रक्रिया लागत नाही.

खालची दाटी अक्कलदाढेमुळे झाली, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. दाढ दुखत असेल, किडली असेल किंवा हिरडी वारंवार सुजत असेल तर ती जरूर काढा, पण केवळ दाटी वाढेल या भीतीने काढण्याला अभ्यासांचा आधार नाही. खालचे पुढचे दात वयानुसार थोडे दाटतातच, अक्कलदाढ नसलेल्यांचेही.

लग्न जमवायच्या घाईत मुलींना आमच्याकडे आणलं जातं आणि 'सहा महिन्यांत करून द्या' म्हणतात. पूर्ण उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षं लागतात. दिसण्यासाठी उपचार घेण्यात गैर काहीच नाही, पण ती इच्छा तुमची स्वतःची हवी.

तपासणीला गेलात की तीन गोष्टी विचारा: माझी श्रेणी कुठली, हिरड्यांचं हाड कसं आहे, आणि दात काढावे लागणार असतील तर का. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते बरं करून घ्या, तारा नंतर. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. तारा निघाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर नावाचं साधन दीर्घकाळ वापरावं लागतं, त्याचाही खर्च आधीच विचारून घ्या.