वाकळ टांगा, मग माईक घ्या

मागच्या वेळी घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्यावर चार ओळी खरडल्या आणि त्यावर प्रश्नांचा ढीग आला. त्यातले निम्म्याहून जास्त रॉक गाणाऱ्या पोरापोरींचे. सांगली नाट्यपंढरी, शेजारी सतार-तंबोऱ्यांची मिरज. या दोन्हींच्या मधे इतकी किंचाळणारी मंडळी राहतात हे मला वीस वर्षं मंडपात साउंड लावूनही कळलं नव्हतं. आले तसे काही प्रश्न घेतो. किमती ढोबळ आहेत, दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात.

सर, मी कुपवाडला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बँडची दोन गाणी तयार आहेत. आवाज चढा आहे, शेवटी चांगलाच ओरडतो. ऑनलाइन अठराशे रुपयांत कंडेन्सर माईक, स्टँड आणि फोम असा पूर्ण सेट मिळतोय. तो घेऊ की हातात धरायचा साधा माईक घेऊ? सगळं मिळून दहा हजार आहेत.

सर नको म्हणू, मंडपातला माणूस आहे मी.

तो सेट घेऊ नकोस. असल्या माईकचं नळकांडं मोठं असतं, पण जाळी उघडली की आत बहुतेक वेळा आवाज टिपणारी शर्टाच्या बटणाएवढी कॅप्सूल निघते. वायरच्या टोकाला मोबाइलच्या हेडफोनसारखी पिन. ती लॅपटॉपला लावलीस की गाण्याआधी खरखर ऐकू येते.

पण समजा, कुणी तुला खरोखरचा चांगला कंडेन्सर फुकट दिला, तरी आधी एक काम कर. ज्या खोलीत गाणार आहेस तिच्या मधोमध उभा राहा आणि एक कडक टाळी वाजव. टाळी संपल्यावर मागे ‘टर्रर्र’ अशी शेपूट ऐकू येते का? दहा बाय दहाची स्लॅबची खोली, खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट, समोरासमोर मोकळ्या भिंती असल्या की येणारच. ती शेपूट तुझ्या प्रत्येक ओळीमागे लागणार. गिटारच्या आवाजात ती लपते असं वाटतं, पण मिक्स करताना कॉम्प्रेसर लावलास की तो बारीक आवाज वर खेचतो, आणि गायक बाथरूममधून गातोय असं होतं.

लोक सांगतात की डायनॅमिक माईक, म्हणजे तुझा तो हातात धरायचा साधा माईक, खोली ऐकत नाही. तसं काही नसतं. तोही ऐकतो. फरक अंतराचा आहे. डायनॅमिकमध्ये पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी लोहचुंबकात हलते, म्हणजे स्पीकरच, फक्त उलटा चालवलेला. तो दणकट आणि थोडा मंद असतो. त्याच्या जाळीपासून दोन बोटांवर तोंड नेऊन तू बिनधास्त ओरडू शकतोस, आणि इतक्या जवळून तुझा आवाज खोलीच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा पडतो. कंडेन्सरचा पडदा फार पातळ. त्याच्या दोन बोटांवर कुणी ओरडलं की ‘फ’ आणि ‘भ’ चे धमाके होतात, खर्जाची सूज येते, म्हणून माणूस आपोआप वीतभर मागे सरकतो. तू मागे सरकलास की तुझ्यामागून खोली आत येते. पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षाचं हॉर्न, सगळी वरात.

तेव्हा हिशोब असा कर. बेहरिंगरचा एक्सएम ८५०० हा डायनॅमिक माईक दोन-अडीच हजारांत येतो. एका माईकचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि लॅपटॉप यांना जोडणारी पेटी, चार-पाच हजार. आडवा दांडा असलेला स्टँड आणि एक बरी एक्सएलआर (तीन पिनांची) केबल दीड-दोन हजार. जे उरेल ते ठेव. फोमवर घालवू नकोस, घरातल्या दोन वाकळी माग. आजीने शिवलेली जुनी, जाड, तीन-चार लुगडी पोटात घेतलेली वाकळ असते ना, ती. एक तुझ्या पाठीमागे टांग, एक बाजूला. पाठीमागे का, तर माईकचं तोंड तुझ्याकडे असतं, म्हणजे तो तुझ्या पाठीमागची भिंतच ऐकत असतो. सगळे माईकच्या मागे फोम लावतात, आणि तिकडून त्या माईकला मुळातच कमी ऐकू येतं.

पुढे पैसे आले की शुअरचा एसएम ५८ घे, साधारण दहा हजार. १९६६ सालचा माईक आहे, आणि गंमत म्हणजे त्यातलं ‘एसएम’ हे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’चं लघुरूप. स्टुडिओसाठी जन्मला आणि स्टेजवर मोठा झाला. एक्सएम ८५०० पेक्षा तो सरस आहे, आवाजाला जास्त धार आहे, शिवाय आपटला तरी चालत राहतो. पण फाटक्या आवाजाच्या दोन गिटार आणि ड्रम यांच्यामागे तुमच्या पहिल्या गाण्यात तो फरक कुणाच्या कानाला लागेल असं मला वाटत नाही.

आणि टेक घेताना पंखा बंद. एप्रिलमध्येसुद्धा.

वडिलांचा तासगावला मंडपाचा व्यवसाय आहे. घरात आहुजाचे दोन माईक पडून आहेत, मागे जाड जॅकवाली वायर आहे. ते लॅपटॉपला लावून रेकॉर्डिंग होईल का? कन्व्हर्टर पिन लावून बघितली, आवाज फार बारीक येतो आणि घूं असा आवाज येतो.

घरात माईक असताना नवा घेऊ नका, आधी याची वायर बदला.

लॅपटॉपचं ते छोटं भोक हेडफोनच्या माईकसाठी असतं, त्याच्याकडून मंडपाच्या माईकची अपेक्षा करू नये. दुसरी चूक पुढे तुम्ही नक्की करणार, म्हणून आधीच सांगतो: इंटरफेस आणाल आणि हीच जॅकवाली वायर त्यात खुपसाल. बसेलही. कारण इंटरफेसच्या त्या भोकात मधे जॅक आणि कडेने एक्सएलआर, दोन्ही बसतात. पण जॅक घातला की तो गिटार किंवा कीबोर्ड आहे असं समजून चालतो. माईकचा बारीक आवाज मोठा करणारं खरं सर्किट एक्सएलआरच्या तीन पिनांमागे असतं. मग तुम्ही गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, शेवटापर्यंत फिरवणार आणि माईक बिघडलाय म्हणून परत पेटीत टाकणार.

माईकच्या बुडाला वायर निघते का बघा. आत तीन पिना दिसल्या तर दोन्हीकडे एक्सएलआर असलेली केबल आणा, काम झालं. या केबलमध्ये आवाज दोन तारांवरून उलटसुलट जातो, वाटेत शिरलेली घूंघूं दोन्हींवर सारखीच बसते आणि इंटरफेसमध्ये पोचल्यावर एकमेकींना मारते. जॅकच्या एकेरी वायरीत ती सोय नाही. वायर माईकलाच जोडलेली असेल तर मात्र त्याच्या नादी लागू नका.

घूं तरीही आली तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नावालाच असतं. माझ्याकडे येणाऱ्या ‘माईक खराब आहे’ अशा तक्रारींपैकी कितीतरी चार्जर काढल्यावर मिटल्या आहेत.

विट्याहून लिहितोय. कंडेन्सर घेतलाय, ऑडिओ टेक्निकाचा एटी २०२०. कडवं हळू गातो तेव्हा आवाज छान येतो, पण धृपदाला ओरडलो की फाटतो. जास्त आवाज सोसणारा माईक घ्यावा लागेल का?

नाही. हा माईक १४४ डेसिबलपर्यंत सोसतो, तेवढं तुमच्या घशातून निघणार नाही. फाटतोय तो इंटरफेसमध्ये, कारण गेन तुम्ही कडव्यावर लावलाय. सगळे असंच करतात: माईकसमोर उभे राहून “हॅलो, चेक, चेक” म्हणतात, गेन लावतात आणि मग दुप्पट जोराने गातात.

गाण्यातली सर्वांत जोराची ओळ आधी म्हणा, पूर्ण ताकदीने, लाज न बाळगता. तिला मीटर उणे १० च्या आसपास जाईल असा गेन ठेवा (शून्याला आवाज फाटतो). रेकॉर्डिंग २४ बिटवर असेल तर कडवं बारीक दिसलं तरी काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतं. फाटलेलं मात्र शिवता येत नाही. त्याहून सोपं म्हणजे कडवं आणि धृपद वेगवेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या गेनने घ्या. अंतरही वापरा. माईकपासून दहा सेंटिमीटरवर असाल आणि वीसवर गेलात तर आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. मंडपातला कसलेला भजनी बुवा वरच्या सुराला माईक आपोआप लांब नेतो, त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

मुलगा एसएम ५८ मागतोय. एका ठिकाणी तोच नवा अडीच हजारांत मिळतोय. घ्यावा का? (एक पालक, सांगली)

नका घेऊ, नक्कल आहे. या माईकच्या नकला जगभर विकल्या जातात आणि बाहेरून सहज ओळखू येत नाहीत. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम असतं, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघता येतं. वजन जुळलं म्हणून खरा असेलच असं नाही, पण बरंच चुकलं तर संशय घ्या. अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल, याला पर्याय नाही. अडीच हजारच असतील तर नकली मोठ्या नावापेक्षा खरा एक्सएम ८५०० बरा.

दादा, मी मिरजेची. दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, आता मैत्रिणींच्या बँडमध्ये गाते. त्यांचा डायनॅमिक माईक आहे, पण त्यात माझा आवाज दबलेला आणि लांबून आल्यासारखा वाटतो. आमची गाणी सुरुवातीला अगदी हळू असतात. खोली जुन्या वाड्याच्या माडीवर आहे, मातीच्या जाड भिंती, दोन बाजूंना पुस्तकांची कपाटं.

ताई, आधी एक विचारतो: माईकपासून किती लांब बसता? शास्त्रीय गाणाऱ्या मंडळींना माईक फूटभर लांब ठेवायची सवय असते, आणि बैठकीत ती बरोबरच आहे. डायनॅमिक फूटभरावर ठेवला की आवाज पातळ आणि दबलेलाच येणार. तो दोन बोटांवर आणा. या माईकचा स्वभाव असा की जवळ गेलात की खर्ज भरून येतो. हळू ओळ एकदा जाळीला नाक लागेल इतक्या जवळून, जवळजवळ कानात सांगितल्यासारखी म्हणून बघा. काही आवाजांना हे इतकं शोभतं की पुढचा प्रश्नच उरत नाही.

नाही शोभलं, तर कंडेन्सर घ्यायचा सल्ला आज मी तुम्हालाच देणार आहे. कुपवाडच्या पोराला नाही म्हटलं ते त्याच्या खोलीमुळे. मातीची भिंत आणि पुस्तकांची कपाटं ज्याला फुकट मिळाली त्याने फोमच्या दुकानात जाऊ नये. तुमच्या त्या माडीवर टाळी वाजवलीत तर मागे काही उरणार नाही, असा माझा अंदाज आहे. वर विट्याच्या वाचकाने सांगितलेला एटी २०२० तुमच्या कामाला पुरेसा आहे. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण हवं, त्याशिवाय तो बोलत नाही. एक वीत अंतर, मधे पॉप फिल्टर (‘फ’, ‘भ’ चे धमाके अडवणारी जाळी), आणि माईक तोंडाच्या किंचित वर ठेवून खाली वाकवलेला, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ टोचत नाहीत.

शिवाय हा माईक बाजूने ऐकतो, टोकाकडून नाही. हसू नका. माझ्याच खोलीत एक गायक तासभर त्याच्या टोकाशी, आइस्क्रीमचा कोन धरल्यासारखा, गात होता आणि मी बाहेर बसून आवाज का लागत नाही म्हणून केबली बदलत होतो.

पॉडकास्टवाल्यांसमोर दिसतो तो शुअर एसएम ७बी रॉकसाठी चांगला म्हणतात. कर्ज काढून घेऊ का?

माईक उत्तम आहे, ओरडणाऱ्यांसाठी तर फारच. पण तीस हजारांच्या वर जातो आणि त्याचा स्वतःचा आवाज इतका बारीक की त्याला साठ डेसिबलच्या आसपास गेन लागतो. स्वस्त इंटरफेस तिथे धापा टाकतो, मग मधे लावायचा बूस्टर वेगळा घ्या. कर्ज कशासाठी?

विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. रेकॉर्डिंगला बसलो की शेजारचे काका बेल वाजवतात. भिंतीला फोम लावला तर आवाज बाहेर जाणार नाही ना?

जाईल. फोम खोलीतलं घुमणं कमी करतो, बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे दुसरी भिंत. ते तुमच्या सोसायटीत होणार नाही. डॉल्बीच्या दहा दिवसांत गप्प बसणारे काका तुमच्या एका धृपदाला का उठतात, हे मलाही न सुटलेलं कोडं आहे.

चारचाकी असेल तर तीत बसा, थट्टा करत नाही. सीटा, छताचं कापड, पायपुसण्या, सगळं आवाज पिणारं असतं. हरिपूरच्या रस्त्याला एखाद्या झाडाखाली लावा, काचा वर, इंजिन आणि एसी बंद. मागच्या सीटवर मधोमध बसा, तोंड पुढे, माईक दोन बोटांवर. लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळे घूंघूंही नसते. दर तीन टेकनंतर दार उघडून खाली उतरा, नाहीतर चौथ्याला घाम डोळ्यात जातो आणि सूर उतरतो.