पूर्व आशियाचा अभ्यास करायचा आहे. आधी भाषा शिकावी की आधी राजकारण?

आपण लिहिले आहे की आपण सांगलीत राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुढे चीन, जपान आणि कोरिया यांचे राजकारण शिकण्याची इच्छा आहे, पण घरी चीन म्हणजे १९६२ चे युद्ध आणि डॉ. कोटणीस एवढीच ओळख आहे. अशा वेळी आधी विषयाची पुस्तके वाचावीत की भाषेला हात घालावा, आणि मराठी माध्यमातून आलेल्याला हे झेपेल का, असा आपला प्रश्न आहे. मी मूळची तासगावची असून दिल्लीत एका विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यासकेंद्रात शिकले आहे, त्या अनुभवावरून सांगते: भाषा आधी, आणि तीही पदवी हातात पडण्याची वाट न पाहता.

मी स्वतः उलट्या क्रमाने गेले. पहिल्या वर्षी कोरियन युद्धावर एक निबंध लिहिला, त्यासाठी ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तके आणून रात्री जागवल्या, आणि तो वाचून झाल्यावर आमच्या बाईंनी एवढेच विचारले की जे लढले ते या युद्धाला काय म्हणतात. मला उत्तर देता आले नाही. दक्षिण कोरियात त्याला 'युगिओ' म्हणतात, म्हणजे 'सहा-दोन-पाच', कारण ते १९५० च्या २५ जूनला सुरू झाले. उत्तर कोरियात तेच 'पितृभूमी मुक्तियुद्ध' असते, आणि चीनमध्ये 'कांग मेइ युआन छाओ', म्हणजे अमेरिकेचा प्रतिकार आणि कोरियाला साहाय्य. कोण कोणासाठी आणि कोणाविरुद्ध लढले, याबद्दलचा प्रत्येकाचा दावा त्या नावातच भरलेला आहे, आणि 'कोरियन युद्ध' या दोन शब्दांत तो पुसला जातो.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याच जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटलांचे सरकार कागदोपत्री 'प्रतिसरकार', लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार', आणि इंग्रजांच्या लेखी मात्र निव्वळ गुन्हेगारी होते. नाव ऐकताच बोलणारा कोणत्या बाजूचा आहे ते आपण ओळखतो. बीजिंग, सोल आणि प्योंगयांग यांच्याबाबतीत तो कान भाषेवाचून तयार होत नाही. (१९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी जे भारतीय दल कोरियात गेले, त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे आपल्या शेजारच्या कोल्हापूर भागातले होते, हे मला दिल्लीला गेल्यावर कळले, याची आजही खंत वाटते.)

मराठी माध्यमाची धास्ती मात्र मनातून काढून टाका, कारण जपानीच्या बाबतीत मराठी हीच आपली मोठी शिदोरी आहे. तिथे कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम असतो आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागे लागतात: 'मी सांगलीला जाते' हे 'वाताशी वा सांगली नि इकिमासु' होते, त्यातला 'नि' म्हणजे आपला 'ला'. पण मला खरा आनंद झाला तो अक्षरांचा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा. अ, इ, उ, ए, ओ, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून तो आलेला आहे. आता 'न' आणि 'म' यांच्या मध्ये 'ह' कसा आला ते पाहा. आपल्या वर्णमालेत त्या जागी 'प' असतो, आणि जपानीतला आजचा 'ह' फार पूर्वी 'प' असाच उच्चारला जात असे. उच्चार बदलला, पण जागा बदलली नाही. आपली वर्णमाला चीनमार्गे जपानपर्यंत कशी पोहोचली, हा धर्माचा आणि व्यापाराचा सगळा इतिहास त्या एका तक्त्यातून सुरू होतो.

कोरियनचा वाक्यक्रमही आपल्यासारखाच आहे. चिनीचा नाही, आणि तिथे एकच उच्चार चार सुरांत चार अर्थांचा होतो, म्हणून चिनी घ्यायची असेल तर पहिल्या दिवसापासून गुरू समोर हवा.

संस्था निवडताना एक गोष्ट बारकाईने पाहा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राजकारण आणि इतिहास शिकवणारे पूर्व आशियाई केंद्र आंतरराष्ट्रीय अध्ययन विभागात आहे, तर चिनी, जपानी, कोरियन भाषांची केंद्रे वेगळ्या विभागात आहेत. एकात प्रवेश मिळाला म्हणजे दुसरे आपोआप पदरात पडते असे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यास विभागात भाषा आणि प्रदेशाचा अभ्यास एकाच छताखाली होतो. तो विभाग १९६४ मध्ये चिनी अभ्यासाचे केंद्र म्हणून सुरू झाला. आपल्या घरी ज्या युद्धाची आठवण निघते, त्यानंतर दोनच वर्षांनी. शांतिनिकेतनचे चीन भवन तर १९३७ पासूनचे आहे. नोकरीची वाट भाषांतर, पुण्यातील जपानी कामे करणाऱ्या कंपन्या, अध्यापन अशी अनेक ठिकाणी जाते, आणि तिथेही भाषेची पातळीच आधी विचारली जाते.

इतिहास वाचताना एकेक देश सुटा घेऊ नका. १८९४-९५ चे युद्ध चीन आणि जपान यांच्यात झाले, वाद कोरियावरून होता, आणि शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानकडे गेले. चौघांपैकी एकाला वगळले तरी पुढच्या पन्नास वर्षांचा अर्थ लागत नाही.

परदेशी भाषा शिकवणारे पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा दिल्ली गाठणे पुढच्या वर्षावर ढकलता येईल. हिरागाना या जपानी लिपीची मूळ ४६ अक्षरे शिकायला मात्र सांगली सोडावी लागत नाही: चौकटींची वही घ्या, रोज एक ओळ गिरवा, आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणा. दिवाळीच्या सुट्टीत ती नक्की पुरी होतात.