एक इंजिन चालेल, पण आधी बोटीचा सातबारा वाचा

तुम्ही दोघंही ग्रीन कार्डवर, सिएटलजवळ राहता. ॲनाकॉर्टेसला 1978 सालची 36 फुटी ग्रँड बँक्स पाहून आलात, म्हणजे ट्रॉलर जातीची, संथ चालणारी राहती बोट, एकच डिझेल इंजिन, फोर्ड लेहमन 120. पुढच्या उन्हाळ्यात इनसाइड पॅसेजने, म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांमधल्या जलमार्गाने, अलास्काच्या दिशेने जायचं मनात आहे, आणि एका इंजिनावर एवढ्या लांब जावं की दोन इंजिनांची बोट शोधावी, यावर घोडं अडलंय. त्याच प्रश्नात ब्रोकरचं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: "कागद कोस्ट गार्डकडे आहेत, त्याची काळजी नको." इंजिनाचं सांगतोच, पण मला खरी काळजी त्या वाक्याची वाटते. अगदी हेच वाक्य ऐकून घेतलेली आमची बोट पहिला अख्खा उन्हाळा यार्डात टेकूंवर उभी होती.

आधी इंजिन. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या या पाण्यात एक इंजिनच घ्या. फ्रेझर नदीपासून वरच्या खाड्यांपर्यंत सगळीकडे ओंडके तरंगत असतात, आणि काही ओंडके तर उभे, जेमतेम पाण्याच्या पातळीला टेकलेले. एका इंजिनाच्या बोटीत पंखा (प्रोपेलर) कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, मागे, मधोमध आणि आडोशाला असतो. दोन इंजिनांच्या बहुतेक बोटींत दोन्ही पंखे बाजूला उघडे. त्यातला एक वाकला की दुसऱ्यावर घरी येता येतं हे खरं, पण तो वाकण्याची शक्यताच किती वाढवून ठेवतो आपण! शिवाय 36 फुटांच्या बोटीत दोन इंजिनं बसवली की त्यांच्या बाहेरच्या अंगाला हात पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल होत नाही. हर्णै-मिरकरवाड्याच्या मासेमारी बोटी एकाच इंजिनावर खोल समुद्रात जातात. त्यांचा भरवसा दुसऱ्या इंजिनावर नसतो, पहिल्याच्या देखभालीवर असतो.

डिझेल इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा घाणेरड्या इंधनामुळे. बोट महिनोन् महिने मरिनात उभी राहते, टाकीच्या तळाशी गाळ बसतो, आणि केप कॉशनच्या उघड्या समुद्रात पहिली मोठी लाट लागली की तो ढवळून फिल्टरमध्ये येतो. म्हणून दोन फिल्टर, मध्ये चालू इंजिनावर बदलता येईल असा व्हॉल्व्ह, आणि फिल्टर तुंबू लागला की दाखवणारं व्हॅक्यूम गेज. हे नसेल तर किंमत ठरवतानाच धरून चला. 1978 च्या बोटीत टाक्या मूळच्याच असतील तर त्या साध्या लोखंडाच्या असणार. त्या बहुधा वरून सडतात, कारण डेकवरच्या भरण्याच्या तोंडाकडून पाणी झिरपून टाकीच्या माथ्यावर साचतं. आरसा आणि टॉर्च घेऊन टाकीचा वरचा पत्रा बघा. टाक्या बदलायच्या म्हणजे बऱ्याचदा इंजिन हलवावं लागतं, आणि तो खर्च बोटीच्या किमतीच्या मानाने भयंकर असतो.

लेहमन 120 बद्दल एकच सांगतो, कारण हे विकणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. तिच्या सिम्स इंजेक्शन पंपाचं तेल वेगळं असतं, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. त्यात डिझेल मिसळत राहतं, म्हणून साधारण 50 तासांनी ते बदलायचं. मालकाला विचारा, "पंपाचं तेल शेवटचं कधी बदललं?" तो गोंधळला तर बाकीच्या देखभालीची कल्पना येईल. तासांचा आकडा बघून घाबरू नका. नीट राखलेली लेहमन हजारो तास चालते. सी ट्रायलला, म्हणजे खरेदीआधीच्या पाण्यातल्या चाचणीला मात्र पूर्ण थ्रॉटलवर ती 2500 आरपीएमपर्यंत जाते का आणि तापमान स्थिर राहतं का, हे स्वतः उभं राहून बघा.

बोट पाण्याबाहेर काढून तपासणं, तेलाचे नमुने, इंजिनाचा वेगळा सर्व्हे हे तुम्ही करालच, त्यावर लिहीत बसत नाही. फक्त सर्व्हेयर ब्रोकरने सुचवलेला घेऊ नका.

आता कागद. अमेरिकेत बोटीची नोंद दोन ठिकाणी होऊ शकते. एक राज्याकडे. दुसरी केंद्राकडे, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियात फॉलिंग वॉटर्स या गावी कोस्ट गार्डचं नोंदणी केंद्र आहे तिथे. 5 नेट टन (हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचं माप) किंवा त्याहून मोठ्या बोटींना ही केंद्रीय नोंद घेता येते, आणि तुमच्या आकाराच्या बहुतेक जुन्या ट्रॉलरना ती असते. पण ती ठेवायची तर सगळे मालक अमेरिकेचे नागरिक असावे लागतात. ग्रीन कार्ड चालत नाही. नवरा नागरिक आणि बायको ग्रीन कार्डवर अशी दोघांच्या नावाने घेतली, तरी चालत नाही. बोट घ्यायला तुम्हाला कोणतीही आडकाठी नाही, फक्त केंद्राची नोंद रद्द करून घ्यायची आणि वॉशिंग्टन राज्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्या घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच.

केंद्राकडे प्रत्येक बोटीचा एक इतिहास असतो, त्याला ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल म्हणतात. बोट बांधल्यापासूनचे मालक, विक्रीपत्रं, कर्जं, सगळं ओळीने. आमच्या ॲब्स्ट्रॅक्टवर नव्वदच्या दशकातल्या एका मालकाचं कर्ज नोंदलेलं होतं आणि ते फिटल्याची नोंदच नव्हती. गावाकडे सातबाराच्या इतर हक्कांत आजोबांच्या काळचा सोसायटीचा बोजा तसाच राहून जातो ना, तसंच. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पुढे बोट दोनदा विकली गेली होती, पण मधले दोन्ही मालक नागरिक असल्यामुळे नोंद रद्द करायची वेळच आली नव्हती. आमची वेळ आली. आणि कर्ज नोंदलेलं असेल तर कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय बोट केंद्राच्या दप्तरातून निघत नाही. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार दोघांबद्दल आहे. पहिली, व्यवहार पुरा करून देणारी एजन्सी. त्यांनी ॲब्स्ट्रॅक्ट मागवलं होतं, त्याचे पैसेही आमच्याकडून घेतले होते, ते फाइलला लावलंही होतं. वाचलं नव्हतं. एस्क्रोमधले, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे ठेवलेले, पैसे विक्रेत्याला सोडून झाल्यावर त्यांनीच आम्हाला कळवलं की जरा अडचण दिसते आहे. वाचण्याची फी घेतलेला माणूस वाचत नाही, हे मला आजही क्षम्य वाटत नाही.

दुसरी, ती बँक. मूळ कर्ज देणारी बँक दुसरीत विलीन झाली होती आणि ती तिसरीत. तिसरीच्या कर्जविभागाचं म्हणणं, "एवढं जुनं खातं आमच्या सिस्टममध्ये दिसत नाही. जे खातं दिसत नाही ते फिटलं असं आम्ही लिहून देऊ शकत नाही." मग येणं बाकी आहे असं तरी लिहून द्या, म्हटलं. तेही नाही. प्रत्येक फोनला नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी "आम्ही परत फोन करू". कुणीही कधी परत फोन केला नाही. इकडे राज्याचं टायटल अडलं, टायटल नाही म्हणून विमा अडला, विमा नाही म्हणून मरिना जागा देईना. यार्डाचं भाडं मात्र चालूच. ओळखीचे लोक कॅनडातल्या डेसोलेशन साउंड या खाडीतून फोटो पाठवत होते आणि आम्ही बोटीला शिडी लावून आत बसून फॉर्म भरत होतो.

सुटलं कसं तेही सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. त्या जुन्या मालकाच्या मुलीचा शोध लागला, आणि तिने वडिलांच्या खोक्यातून कर्ज फिटल्याचं मूळ बँकेचं पत्र काढून दिलं. ते जोडून बँकेच्या ग्राहक सेवेला नाही, तर विधी विभागाला रजिस्टर टपालाने लिहिलं. तेव्हा कुठे कर्जमुक्तीचा कागद मिळाला. त्यातही त्यांनी बोटीचा अधिकृत क्रमांक लिहायच्या जागी हलचा (बोटीच्या सांगाड्याचा) क्रमांक टाकला होता, म्हणून तो पुन्हा करून घ्यावा लागला. त्या कागदावर बोटीचं नाव, अधिकृत क्रमांक, मूळ कर्जाची नोंद कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर झाली ते, आणि नोटरी, एवढं असायलाच हवं. मसुदा तुम्हीच तयार करून सहीला पाठवा.

म्हणून तुम्ही आजच बोटीचा अधिकृत क्रमांक विचारून घ्या. तो बोटीच्या आत एखाद्या कायमच्या तुळईवर कोरलेला किंवा पक्का बसवलेला असतो. तो देऊन ॲब्स्ट्रॅक्ट कुणीही मागवू शकतं, मी मागवलं तेव्हा 25 डॉलर पडले होते. स्वतः वाचा. प्रत्येक कर्जाच्या ओळीसमोर फेडीची ओळ आहे का, एवढंच बघायचं. करारात लिहून घ्या की सगळे बोजे उतरवणं आणि नोंद रद्द व्हायला लागणारे कागद देणं ही विक्रेत्याची जबाबदारी, आणि तोवर एस्क्रोतून एक पैसा सुटणार नाही. ब्रोकर म्हणेल अशी पद्धत नाही. म्हणू दे. कर्ज काढणार असाल तर आधीच विचारा, कारण बोटीवर कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्थांना केंद्राचीच नोंद लागते. आणि जुन्या बोटींना विमा कंपन्या सहज हात लावत नाहीत, तेव्हा बयाणा देण्याआधी विम्याचं लेखी उत्तर घ्या. मी वकील नाही. नियम बदलतात, आणि तुमची बोट महाग असेल तर सागरी कायदा जाणणाऱ्या वकिलाची एक तासाची फी जरूर द्या.

थोडं सुटं सुटं. सागवानी डेक दिसायला देखणा असतो, पण तो शेकडो स्क्रूंनी खाली बसवलेला असतो आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला एक वाट. प्लास्टिकच्या हातोडीने सगळा डेक ठोकून बघा, आवाज बद्द आला की खालचा थर कुजलाय असं समजा. बोट नोव्हेंबरात पाऊस चालू असताना पुन्हा एकदा पाहा. खिडक्यांखालचं लाकूड तेव्हा खरं बोलतं. शिवाय तेव्हा मालकाला हिवाळ्याचं भाडं दिसत असतं, म्हणून भावही नरमतो.

ही बोट 7 नॉट्सने जाणार, ताशी सुमारे 2 गॅलन डिझेल खाऊन. वाटेतल्या सेमूर नॅरोज या चिंचोळ्या सामुद्रधुनीत प्रवाह 15 नॉट्सपर्यंत जातो. तिथला रिपल रॉक हा पाण्याखालचा खडक 1958 मध्ये सुरुंगाने उडवला, तरी आजही संथ पाण्याची वेळ गाठूनच जायचं, दुसरा उपाय नाही. तेव्हा इंजिन एक की दोन यापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिकणं महत्त्वाचं. बंद पडलेली बोट ओढून नेणाऱ्या टो सेवेचं सभासदत्व घ्या. मागे घेताना बोटीचा मागचा भाग एका बाजूला ओढला जाईल, त्याचा सराव वारा नसलेल्या सकाळी करा. बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा, नसला तरी जमतं.

आणि रस्त्यात कॅनडा आहे हे विसरू नका. भारतीय पासपोर्टवर ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मात्र जवळ हवं. तुमचा भाऊ काही दिवस बरोबर येणार असं लिहिलंय. तो एच-1बीवर असेल तर त्याला कॅनडाचा व्हिसा लागेल, तेव्हा त्याचा अर्ज हिवाळ्यातच टाका. ॲब्स्ट्रॅक्ट हातात आलं आणि एखादी ओळ कळली नाही तर ती ओळ इथे लिहा, क्रमांक आणि नावं झाकून. मी बघून सांगेन.